मळखाऊ रंग

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा घरातच आहेत, मी धडधाकट आहे, घराचं छप्परही जागेवर आहे. रोज फोनवर डोकं खाणारी आई एकाएकी कागद घेऊन कशी बसली, असं वाटलं असेल तुला. कारण अगदी साधं आहे. फोनवर मी रडले की तू रडतेस, तू रडलीस की मीच तुला समजावत बसते, आणि सांगायची गोष्ट राहते बाजूला. शेजारच्या शिक्षिकाबाई उद्या सकाळी तुझ्याच गावाला निघाल्यात, त्यांच्या हाती हे देते. रविवारी तू गाडी घेऊन येणार, बाबांना त्या संस्थेत नेणार, तिथली खोलीसुद्धा ठरलीय, आणि 'ने बाई एकदाचं' हे शब्द माझ्याच तोंडचे आहेत, हे सगळं मला पक्कं आठवतंय. विसरण्याचा आजार बाबांना आहे, मला नाही. तरी घरून निघण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. आणि ऑफिसात चोरून वाचू नकोस, घरी दार लावून निवांत वाच.

गालिच्यापासून सुरुवात करते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. बाबा जिन्यावरून दुसऱ्यांदा घसरले, कोपर सुजून टम्म झालं, तेव्हा आपलं बोलणं झालं होतं. तू म्हणालीस, आई, आता एकदा जरी पडले तरी त्यांना घरी ठेवायचं नाही. मी तुझ्यावर खेकसले, पण तुझं काही चुकलं नव्हतं. आपला जिना सरळसोट, लाकूड पॉलिश करून करून गुळगुळीत झालेलं. वरून घसरलेला माणूस थेट पुढच्या दाराशी येऊन आपटायचा. झोपायचं वर, संडास-बाथरूम वर, खाली नुसतं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली, म्हणजे खाट खाली आणूनही भागणारं नव्हतं. मग तूच सुचवलंस, पायऱ्यांवरून गालिच्याची लांब पट्टी बसवून घे, पाय घट्ट बसेल. तुझ्या दृष्टीनं ती एक सोय होती. माझ्या दृष्टीनं बाबा या घरात राहणार की नाही, हे त्या पट्टीवर ठरणार होतं.

तू फोनवर फोटो पाठवलेस. एक बिस्किटी, एक फिकट हिरवा, एक पांढुरक्या जमिनीवर बारीक पानांचा. मी म्हटलं, ठमे, तुला घर चालवायचंय की फोटो काढायचेत? त्यावर चहा सांडला की जगाचा नकाशा उमटेल. जन्मभर लोकांचे कपडे उसवले आणि शिवले मी, शाळेचे गणवेश, कोट, पडदे, खोळी, त्यामुळे कापडातलं मला कोणी शिकवायचं नाही असा माझा तोरा. दुकानात गेले आणि दुकानदाराच्या नाकी नऊ आणले. प्रत्येक गुंडाळी उलटी करून पाठ बघितली, नखानं खरवडली, तळहात फिरवून लव कुठल्या बाजूला झोपते ते पाहिलं, पायरीच्या कडेवर वाकेल तशी वाकवून आतला तळ उघडा पडतो का तेही पाहिलं. तो बिचारा म्हणाला, बाई, तुम्ही गालिचा घेताय की जावई शोधताय? मी म्हटलं, जावई शोधताना एवढं बघायचं राहून गेलं, म्हणून आता बघतेय. हे तुझ्या नवरोजींना वाचून दाखवू नकोस.

शेवटी घेतला तो गडद निळा. निळा म्हणायचा आपला, एरवी काळाच. का घेतला, तर मळखाऊ. तुला हा शब्द पाठ आहे. तू लहान असल्यापासून या घरात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला मी हीच एक परीक्षा लावली. तुझं दप्तर मळखाऊ, सोफ्याची खोळ मळखाऊ, बाबांच्या ड्युटीच्या पँटी मळखाऊ. तुला वाढदिवसाला गुलाबी फ्रॉक हवा होता तर मी चॉकलेटी शिवला आणि तू दिवसभर फुरंगटून बसलीस. रंग कसा का दिसेना, मळ दिसता कामा नये. बाबांच्या हातून चहा सांडतो, बुटांची माती येते, मी कुठवर घासत बसू? एवढाच विचार केला. दुसरा काही विचार करायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही आणि माझं मला सुचलं नाही.

बसवायला आला तो माणूस महाबडबड्या. आल्यापासून 'मावशी, मावशी' सुरू. त्यानं पायऱ्या पुसल्या, खडूनं मधोमध रेघा मारल्या, दोन्ही बाजूंना वीत वीत लाकूड उघडं सोडलं. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात बारीक खिळे वर आलेल्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, पायरीवर लोकरीच्या मऊ नमद्याचा थर, आणि मग वरून गालिचा. मला विचारलं, कडेवरून सरळ खाली सोडू की प्रत्येक पायरीला लपेटून घेऊ? मी म्हटलं, लपेटून घे बाबा, झोळ राहिला तर पाय अडकेल. मग गुडघ्यानं रेटा देऊन ताणायचा, बोथट छिन्नीनं कोपऱ्यात दाबायचा, पुढची पायरी. लव खालच्या दिशेला वळलेली ठेवली, उतरताना पायाला बरी. मी शिवण तपासावी तशी एकेक पायरी तपासत होते आणि तो म्हणत होता, मावशी, तुमच्यासारखी गिऱ्हाईकं रोज भेटली तर मी धंदा सोडून संन्यास घेईन. बाबा तेवढा वेळ वरच्या खोलीत दार लावून होते. ठोकण्याच्या आवाजानं बेचैन झालेले. पंप ठोकतोय, कुणी बघत का नाही, असं ड्युटीवर असल्यासारखे आतून ओरडत होते. काम संपलं, माणूस गेला, आणि मी दाराशी उभी राहून वर बघितलं. काय देखणा दिसत होता गं जिना! मला रडूच आलं. वाटलं, जिंकले मी. आता यांना इथून कोणी हलवत नाही.

संध्याकाळी बाबांचं दार उघडलं, म्हटलं चला, चहाला खाली चला. जिन्याच्या तोंडाशी आले आणि थबकले. कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला. म्हणाले, पाणी कुणी सोडलं? मला आधी कळेचना. मी माझ्याच नादात, अहो गालिचा आहे, नवा आहे, बघा तरी. दोन पायऱ्या उतरून दाखवल्या तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ओरडले, काठावरून मागे व्हा! तो आवाज तुला आठवत असेल. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर गेली त्यांची, शाळेची मुलं टाक्या बघायला आली की ह्याच आवाजात ते त्यांना मागे हटवायचे. मी वर जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि खाली बघितलं. दोन्ही बाजूंना अरुंद लाकडी काठ, आणि मधे खोल, काळसर निळं. मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, या आजारात असं होतं, गडद रंग जमिनीवर असला की खड्डा वाटतो, पाणी वाटतं. मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, तुम्ही रंगाचं विचारलंच नाहीत.

मग मी काय काय केलं म्हणतेस? मोठाले दिवे लावले. हात धरून उलटी उतरले, लहान मुलाला चालायला शिकवतात तसं. वरून पांढरी चादर अंथरली, तर तिच्यावरून मीच घसरता घसरता वाचले. मग प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी शिवली, तिथेच पायरीवर बसून, जाड सुईनं, बोटांची चाळण झाली. वाटलं, आता तरी पायऱ्या वेगवेगळ्या दिसतील. बाबांनी वाकून बघितलं आणि पातळी वाचायला लागले. टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीच्या खुणा असतात ना, तशा. थोड्या थोड्या वेळानं यायचे, वाचायचे, मला सांगायचे, वाढतंय, ऑफिसला कळवा. एकदा दोरीला चमचा बांधून खाली सोडला, खोली मोजायला. वर ओढला तर कोरडा ठणठणीत. मी म्हटलं, बघा, झाली ना खात्री, पाणी नाहीच मुळी. तर म्हणाले, दोरी कमी पडली. मला हसू फुटलं, ठमे. हसता हसता जिन्यातच बसले आणि मग ते हसू राहिलं नाही.

इथवरचं थोडंफार तुला ठाऊक आहे. पुढचं नाही. गालिचेवाल्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, मावशी, रंग पसंत नाही का? उद्या येऊन काढून देतो, दुसरा बसवू. आणि मी म्हटलं, राहू दे, होईल सवय. का म्हटलं ते ऐक. त्याआधीचे महिने आठव. दिवसातून कितीदा तरी बूट चढवून बाबा ड्युटीला निघायचे. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले, वाहनं दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवतायत आणि हे हात वर करून त्यांना थांबवतायत. एकदा बसच्या कंडक्टरनं आणून सोडलं. कडी लावली तर दारावर धडका द्यायचे. मी आंघोळीला गेले तरी माझे कान दाराशी, साबण अंगाला तसाच. गालिचा बसल्यावर दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेले आणि बाजारात पोचल्यावर लक्षात आलं की आज मी पळत आले नाही. घरी येऊन सावकाश डोकं धुतलं. दुपारी आडवी झाले ती मेल्यासारखी झोपले. बाबा कुठेही जाऊ शकत नव्हते. गालिचा कसला, जिन्याला कुलूप ठोकून घेतलं होतं मी, आणि ते काढायचं मला जिवावर आलं.

तुला फोनवर मी काय सांगायची? छान बसलाय हो गालिचा. एकदाही पडले नाहीत. रस्त्यावर जाणंसुद्धा थांबलंय. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, पण माझं बोलणंच मळखाऊ झालं होतं. तू विचारायचीस, तुला तरी ओळखतात ना गं? मी म्हणायची, न ओळखून जातात कुठे! ऐक आता. कधी मी त्यांची बायको असायची, कधी जेवण आणून देणारी कुणी बाई. सकाळी 'अगं' अशी हाक आली की मी म्हणायची, आजचा दिवस माझा. गेल्या काही आठवड्यांत तशी हाक ऐकलेली नाही. हे मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू गाडी काढली असतीस.

आणि तू म्हणशील, मग काय वाईट होतं, चाललं होतं की. नाही चाललं. सकाळचं दूध वर, जेवणाचं ताट वर, गरम पाण्याची किटली वर, माझे गुडघे आता माझे राहिले नाहीत. बाबांचं मागच्या अंगणात झाडाखाली बसणं बंद झालं. अंगाला ऊन नाही, चेहरा पिवळा पडलाय, भूक मेलीय. दिवसभर जिन्याच्या तोंडाशी पहारा. खालून कुणाचा आवाज आला की ओरडायचं, मागे व्हा. पोस्टमन आता पत्रं दाराबाहेरच ठेवून पळतो. आणि मी उतरायला लागले की ते दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायचे. मी कोण हे ठाऊक असो नसो, डोळे झाकायचेच. खाली पोचल्यावर मला ओरडून सांगावं लागायचं, पोचले हो मी! मग हात काढायचे. दर खेपेला. दिवसभर. त्या माणसाला मी रोज एवढं घाबरवत होते आणि वर दुपारची झोप काढत होते.

आता सोमवारचं. मी खाली दूध तापवत होते. वरून काहीच आवाज नाही, म्हणून बाहेर येऊन बघितलं. बाबा जिन्याच्या मध्यावर! गालिच्यावर नाही, त्याच्या कडेच्या वीतभर लाकडावर. भिंतीला पाठ घासत, पाऊल आडवं टाकत, एकेक पायरी, टाकीच्या काठावरून जातात तसे. पायात मोजे. त्या गुळगुळीत लाकडावर मोजे, ठमे! हाक मारावी तर दचकून पडतील. मी श्वास न घेता वर चढले आणि कमरेला मिठी मारून तिथेच खाली बसवलं. त्यांना वाटलं, मी पाण्यात ओढतेय. मला ढकललं, दंडाला चावले. कशीबशी ओढत वर नेलं, खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली, आणि दाराबाहेर उभी राहून ओरडले, जा, बुडा एकदाचे, सुटेन मी. भांडलो आम्ही जन्मभर, तुला ठाऊक आहे, पण असं कधी बोलले नव्हते. गालिचेवाल्याला फोन केला तर तो कुठल्याशा मोठ्या कामावर बाहेरगावी, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. मी स्वतः पक्कड घेऊन खालच्या पायरीशी झटापट केली, एक कोपराही सुटला नाही. मेल्यानं काम मात्र चोख केलंय. पक्कड फेकली आणि तुला फोन लावला. ने बाई एकदाचं, आता आत कुणी उरलेलं नाही, नुसतं शरीर सांभाळतेय मी. असंच म्हणाले ना? तू तासाभरात खोली ठरवून परत फोन केलास, म्हणजे तू कधीचीच चौकशी करून ठेवली होतीस. त्याचा राग नाही मला. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

संस्थेनं सांगितलंय की प्रत्येक कपड्यावर नाव हवं, धुलाईत अदलाबदल होते. म्हणून आज सकाळपासून मशीनवर बसले होते. शर्ट, पायजमे, बनियन, मोजेसुद्धा. नावाच्या पट्ट्या शिवायचं काम मला नवं नाही, दर वर्षी शाळा उघडायच्या वेळी गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. पण आज दोरा सुईत जाईना. दुपारी मी ते सगळे घडी केलेले कपडे छातीशी धरून जिना चढत होते, बॅग वर होती म्हणून. मध्यावर आले आणि पुढची पायरी चढवेना. पडले नाही, काही झालं नाही, नुसती खाली बसले. आणि मग जे रडू आलं ते आवरेना. त्यांचाच एक शर्ट तोंडात कोंबला तरी आवाज फुटत होता. बाकीचे कपडे घरंगळत खाली गेले. मी पायरीवर आडवी झाले, डोकं गालिच्यावर, एक हात कठड्याच्या गजाला. मला तेव्हा मरायचं होतं, ठमे. लपवून काय करू. खरंच काळं पाणी असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं होतं.

वर पावलं वाजली. बघितलं तर बाबा जिन्याच्या तोंडाशी. मला वाटलं, आता डोळे झाकतील. झाकले नाहीत. माझ्याकडे बघितलं, पायऱ्यांवर पसरलेल्या कपड्यांकडे बघितलं, मग खाली वाकून पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. हातातलं घड्याळ काढून कठड्याच्या खांबावर ठेवलं. आणि उतरले. कडेनं नाही. मधोमध, गालिच्यावर. थरथरत होते इतके की कठडा खडखडत होता. पाय पुढे करून चाचपायचे, टेकवायचे, मग दुसरा. खाली खाली येत गेले तशी हनुवटी वर गेली, श्वास कोंडून धरला, पाणी गळ्याशी आल्यासारखा. माझ्यापर्यंत पोचले, काखेत हात घातला, कानाशी म्हणाले, मला धरू नका, मी तुम्हाला धरलंय. घाबरू नका. आता पाय टाका. टाका. आलाच काठ. मी पाय टाकले. ज्या माणसाला मी सकाळी मोजे घातले होते, त्यानं मला धरून वर आणलं.

खाटेवर बसवलं. टॉवेल आणून माझे केस पुसले, कोरडे केस, कानामागून, मानेवरून, नीट. पांघरूण गुंडाळलं खांद्यांभोवती. स्वतःचेही पाय पुसले. मग समोर खुर्चीत बसून धापा टाकत विचारलं, बाई, तुमच्या घरी कोण असतं? माझ्या तोंडून निघालं, नवरा असतो. तर म्हणाले, त्यांना कळवायला हवं, काळजीत असतील. बायको बुडतेय म्हणून नव्हते उतरले ते. मी कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी एक अनोळखी बाई पाण्यात दिसली, आणि ज्या पाण्याच्या धाकानं हा माणूस एवढे दिवस सुकत चालला होता, त्यात तो पायजमा दुमडून उतरला. आत कुणी उरलं नाही, असं मी तुला सांगितलं होतं. चुकले मी. आहेत ते आत.

हे पत्र त्यासाठी. रविवारी ये, गाडी घेऊनच ये, पण बाबांना न्यायला येऊ नकोस. पक्कड, पटाशी, हातोडी काय मिळेल ते आण, नवरोजींनाही आण, तो गालिचा आपण उपटून काढू आणि कुठलाही फिकट रंगाचा बसवू, मी घासत बसेन. पुढचं मला माहीत नाही. ते पुन्हा दाराबाहेर जातील, कदाचित पडतीलही. आणि मला एकटीला आता हे झेपत नाही. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं, आज म्हणते. झेपत नाही गं. दिवसाची कुणी बाई बघ, नाहीतर थोडे दिवस तूच राहा माझ्याजवळ. आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर त्या संस्थेला विचार, दोघांची खोली मिळते का. त्यांचं एकट्याचं नाव मात्र उद्याच्या उद्या काढून टाक. दुपारपासून ते खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेत. तुमचा माणूस येऊन तुम्हाला घेऊन जाईपर्यंत मी उठणार नाही म्हणतात, जेवायलासुद्धा उठले नाहीत. मी इथे खाटेवर बसून लिहितेय. थोड्या थोड्या वेळानं मान वळवून विचारतात, आले का तुमचे यजमान? मी सांगते, निघालेत, येतीलच एवढ्यात.

तुझीच,
आई